‘शुड बी प्रॉपरली क्लीन्ड’ : ८ शनिवार आणि ४५०० रुपयांच्या इंग्रजी क्लासचा रिव्ह्यू

आधीच सांगते, क्लासचं नाव टाकत नाहीये. खाली तक्रारी पण आहेत आणि सर वयाने मोठे आहेत, उगाच कुणी जाऊन त्यांना काही बोललं तर मलाच वाईट वाटेल. नारायण पेठेत आहे, दुसऱ्या मजल्यावर, शनिवारी संध्याकाळी ६ ते ८, एवढ्यावर ज्यांना कळायचं त्यांना कळेल. पार्किंग नाही. म्हणजे नाहीच, टू-व्हीलर दोन गल्ल्या सोडून लावावी लागते.

मी कोण ते सांगते म्हणजे रिव्ह्यू कुठल्या चष्म्यातून आहे ते कळेल. मी कुरकुंभ एमआयडीसीत एका औषध कंपनीत क्यूएमध्ये (म्हणजे गुणवत्ता बघणाऱ्या विभागात) आहे, सात वर्षं झाली, आणि माझं निम्मं आयुष्य एसओपी (काम कसं करायचं याच्या लेखी सूचना) लिहिण्यात, दुसऱ्यांच्या एसओपी दुरुस्त करण्यात आणि डेव्हिएशनचे, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं काही घडलं त्याचे, रिपोर्ट लिहिण्यात जातं. दहावीपर्यंत मराठी मीडियम, पुढे बी.फार्म. बोलायला इंग्रजी येतं, मेल लिहिता येतात, पण एसओपीचं इंग्रजी हा एक वेगळाच प्राणी आहे, कारण तिथे प्रत्येक वाक्य ‘शुड बी’, ‘मस्ट बी’, ‘शॅल बी’ असं सुरू होतं आणि मधे कुठेतरी एक ‘प्रॉपरली’ नाहीतर ‘केअरफुली’ नाहीतर ‘इमिजिएटली’ टाकावं लागतं, आणि ते नेमकं कुठे टाकायचं हे मला कुणी कधीच शिकवलं नव्हतं. ‘बी’च्या आधी? नंतर? शेवटी? मी आपली कानाला बरं वाटेल तिथे टाकायचे.

क्लास लावायचं कारण म्हणजे एका कस्टमर ऑडिटमध्ये झालेला पोपट. एका ड्रमचं झाकण उघडं सापडलं होतं, त्याचं डेव्हिएशन मी लिहिलं, आणि त्यात ‘द लिड मस्ट हॅव बीन टाइटली क्लोज्ड बाय द ऑपरेटर’ असं वाक्य टाकलं. मला म्हणायचं होतं की ऑपरेटरने झाकण घट्ट लावायला हवं होतं. ऑडिटर बाईंनी दोनदा वाचलं आणि शांतपणे विचारलं की झाकण लावलेलंच असणार असा तुमचा अंदाज आहे, तर मग डेव्हिएशन कशाचं? मला पहिले काही सेकंद प्रश्नच कळला नाही. मग कळलं. ‘मस्ट हॅव बीन क्लोज्ड’ म्हणजे ‘लावलेलं असणार’, आणि ‘लावायला हवं होतं’ म्हणायचं तर ‘शुड हॅव बीन’. आमचे मॅनेजर बाजूला बसून चहाच्या कपात बघत होते. त्याच आठवड्यात एका मैत्रिणीने या क्लासचा फॉरवर्ड पाठवला, ‘ऑफिस डॉक्युमेंटेशनसाठी इंग्रजी व्याकरण, मराठीतून’, आणि मी पैसे भरून टाकले.

आता क्लास. सर निवृत्त शिक्षक, सत्तरीच्या आसपास, पांढरा हाफ शर्ट, हातात कायम खडू. व्हाइटबोर्ड आहे पण ते वापरत नाहीत, म्हणतात मार्करने अक्षर बिघडतं. बॅचला आम्ही अकरा जण होतो. मला धरून दोन जण फार्माचे, एक मुलगा आयटीतला, एक काका सोसायटीचे सेक्रेटरी ज्यांना नोटिसा लिहायच्या होत्या, तीन-चार जण स्पर्धा परीक्षावाले (त्यांच्याबद्दल शेवटी सांगते, त्यांची थोडी फसवणूकच झाली), आणि बाकीचे काय करायचे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिल्या दिवशी सरांनी इंग्रजी काढलंच नाही. फळ्यावर लिहिलं, ‘आजीला जिना चढवत नाही.’ आणि म्हणाले, प्रयोग ओळखा. अकरा जणांच्या अंगावर एकदम नववीचा काटा. शेवटी सेक्रेटरी काकांनी बरोबर सांगितलं, शक्य कर्मणी, म्हणजे जमतं की नाही ते सांगणारा कर्मणी. बघवत नाही, ऐकवत नाही, खाववत नाही, हे आपण रोज बोलतो आणि इंग्रजीत जे काम ‘कॅन’ आणि ‘बी’ आणि तिसरं रूप असे तीन डबे जोडून करावं लागतं त्याच्या जवळपास जाणारं काम आपण क्रियापदाच्या पोटात एक ‘व’ घालून करतो. तंतोतंत तेच नाही हे सरांनी लगेच सांगितलं, पण मुद्दा पुढचा होता. त्यात आता ‘अजिबात’ घाला. कुठे घातलंत? ‘आजीला जिना अजिबात चढवत नाही.’ आता ‘हल्ली’ घाला. ‘आजीला हल्ली जिना अजिबात चढवत नाही.’ कुणी सांगितलं होतं का ‘हल्ली’ पुढे आणि ‘अजिबात’ क्रियापदाला चिकटून? कुणीच नाही, पण अकराच्या अकरा जणांनी तसंच घातलं.

मला इथेच पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं, कारण पुढचे तीन शनिवार हेच इंग्रजीत झालं. थोडक्यात असं की ‘शुड बी चेक्ड’ ही तीन डब्यांची गाडी आहे आणि क्रियाविशेषण चढायला तीन दरवाजे आहेत. ‘शुड’च्या लगेच नंतर, ‘बी’च्या नंतर, आणि सगळं संपल्यावर शेवटी. काम कसं करायचं ते सांगणारे शब्द, म्हणजे केअरफुली, थरोली, टाइटली, हे ‘चेक्ड’ला चिकटून बसतात नाहीतर शेवटी जातात. ‘शुड बी केअरफुली चेक्ड’ किंवा ‘शुड बी चेक्ड केअरफुली’. आणि ऑलवेज, नेव्हर, ऑल्सो, प्रॉबॅब्ली ही मंडळी पहिल्या डब्यातच चढतात, ‘मस्ट ऑलवेज बी केप्ट’, ‘शुड नेव्हर बी मिक्स्ड’, ‘विल प्रॉबॅब्ली बी रिजेक्टेड’. आपण ऑफिसात सर्रास ‘शुड बी ऑल्सो रेकॉर्डेड’ लिहितो, त्याचा अर्थ कळतो पण कानाला खडा लागतो, ‘शुड ऑल्सो बी रेकॉर्डेड’ हवं. ‘ईझिली’सारखे काही दोन्हीकडे चालतात, ‘कॅन ईझिली बी रिमूव्हड’ पण ठीक आणि ‘कॅन बी ईझिली रिमूव्हड’ पण ठीक, त्यावरून कुणाशी भांडू नका असं सर म्हणाले. गाडीत ‘हॅव’ आणि ‘बीन’ असे जास्तीचे डबे आले तरी तत्त्व तेच, ‘शुड नेव्हर हॅव बीन ओपन्ड’ आणि ‘शुड हॅव बीन प्रॉपरली लेबल्ड’. ज्याला अख्ख्या वाक्याबद्दल काही बोलायचं आहे तो पुढे, ज्याला फक्त क्रियेबद्दल बोलायचं आहे तो क्रियेजवळ. आमच्या ‘हल्ली’ आणि ‘अजिबात’सारखंच.

सगळ्यात भारी उदाहरण होतं ‘क्लिअरली’चं, ते तर मी दुसऱ्या दिवशी डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना ऐकवलं. ‘रिजेक्टेड मटेरियल शुड बी क्लिअरली मार्क्ड’ म्हणजे मार्किंग स्पष्ट दिसलं पाहिजे. तोच शब्द एक घर पुढे सरकवा, ‘शुड क्लिअरली बी मार्क्ड’, तर आता ते ‘मार्क केलं पाहिजे हे स्पष्टच आहे’ असंही वाचता येतं. मार्किंग कसं करायचं ते गेलं, उरली नुसती टोमणा मारल्यासारखी सूचना. मराठीत आपण हा फरक एका ‘च’वर करतो, ‘स्पष्ट मार्क करा’ आणि ‘मार्क करायचं हे स्पष्टच आहे’, आणि इंग्रजीत बिचाऱ्यांना जागा बदलावी लागते. हे ऐकून मी घरी जाऊन आमची गोडाऊनची एसओपी उघडली. चार ठिकाणी ‘शुड क्लिअरली बी’. चारही माझेच.

दुसरं उदाहरण शेवटच्या दरवाज्याचं. क्रियाविशेषण शेवटी टाकलं की जोर चांगला येतो, ‘मस्ट बी रिपोर्टेड इमिजिएटली’ हे ऐकायलाच घाई वाटते, पण मधे ‘बाय अमुकतमुक’ असं लांब शेपूट आलं की ते भलत्यालाच जाऊन चिकटतं. ‘द सिव्ह शुड बी चेक्ड बाय द ऑपरेटर हँडलिंग द पावडर केअरफुली.’ आता काळजीपूर्वक काय करायचं, चाळणी तपासायची की पावडर हाताळायची? सर म्हणाले की ताई, तुमच्या ऑपरेटरला विचारा. मी खरंच विचारलं. मराठीत समजावून दोन ऑपरेटर दादांना विचारलं तर एक म्हणाला चाळणी, एक म्हणाला पावडर, आणि तिसरा जो नुसता ऐकत उभा होता तो म्हणाला मॅडम दोन्ही नीटच करायचं असतं ना. त्याच्यापुढे मी काय बोलणार.

‘ओन्ली’वर एक अख्खा शनिवार गेला आणि तो फार्मावाल्यांसाठी पर्वणी होता. शेड्यूल एच, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या पाकिटावर पूर्वी छापलेलं असायचं, ‘टू बी सोल्ड बाय रिटेल ऑन द प्रिस्क्रिप्शन ऑफ अ रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनर ओन्ली’. हा ‘टू बी सोल्ड’ म्हणजे ‘शॅल बी सोल्ड’चाच चुलतभाऊ. आता त्या शेवटच्या ‘ओन्ली’ने नक्की कुणाला पकडलंय बघा, फक्त रिटेलने विकायचं, की फक्त प्रिस्क्रिप्शनवर, की फक्त रजिस्टर्ड डॉक्टरच्या? अर्थ आपल्याला सवयीने कळतो हे वेगळं. हल्लीच्या पाकिटांवर ‘नॉट टू बी सोल्ड बाय रिटेल विदाऊट द प्रिस्क्रिप्शन’ असं असतं, तिथे ‘ओन्ली’ला जागाच नाही. मी रोज ही पाकिटं हातात घेते आणि दोन वाक्यांमधला हा फरक माझ्या कधीच डोक्यात आला नव्हता.

आता मस्ट, शुड, शॅल. हा भाग निम्मा सरांनी आणि निम्मा त्या आयटीवाल्या मुलाने शिकवला असं म्हटलं तरी चालेल. इंटरनेटच्या नियमांमध्ये १९९७ सालचं आरएफसी २११९ नावाचं एक छोटंसं डॉक्युमेंट आहे, त्यात ‘मस्ट’ म्हणजे काय, ‘शुड’ म्हणजे काय, ‘मे’ म्हणजे काय हे ठरवून दिलेलं आहे, ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणाम समजून घेतले असतील तर सोडता येतं. त्याने हे सांगितल्यावर मी म्हटलं अरे आमच्याकडे पण आहे, कारण आमच्या आयसीएच क्यू ७ मध्ये, औषधनिर्मितीचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक डॉक्युमेंट, २००० सालचं आहे ते, सुरुवातीलाच जवळपास तेच सांगितलंय की ‘शुड’ म्हणजे पाळणं अपेक्षित आहे, नाही पाळायचं तर ते लागू नाही हे दाखवा किंवा तितक्याच दर्जाचा दुसरा मार्ग दाखवा. अमेरिकेच्या एफडीएचे (तिथल्या औषध नियंत्रण संस्थेचे) नियम मात्र ‘शॅल बी’वर चालतात आणि आपल्याकडच्या औषध कारखान्यांच्या नियमांची, म्हणजे जुन्या शेड्यूल एमची सुरुवात तर ‘शॅल बी सो सिच्युएटेड’ अशी, तिथे तो एवढुसा ‘सो’ बघा कसा ‘बी’ आणि ‘सिच्युएटेड’च्या मधे बरोबर आपल्या सीटवर बसलाय. इथे सरांचं आणि आमचं वाजलं. सरांना ‘शॅल’ जीव की प्राण. संविधानाच्या कलम २१ मध्ये ‘नो पर्सन शॅल बी डिप्राइव्हड’ आहे, मग तुमच्या चाळणीला का नको, असं त्यांचं म्हणणं. पण अमेरिकेत २०१० साली सरकारी कागद सोप्या भाषेत लिहायचा कायदा झाला आणि तिथल्या सरकारी मार्गदर्शक सूचना ‘शॅल’ सोडून ‘मस्ट’ वापरा असं सांगतात, हे त्या मुलाने मोबाईलवर काढून दाखवलं तर सर म्हणाले त्यांचं त्यांना लखलाभ. विषय संपला. मी माझ्या एसओपीत ‘मस्ट’च लिहिते, सरांना सांगितलेलं नाही.

याच्याच जोडीला माझी मोठी तक्रार. सर पॅसिव्हच्या, म्हणजे इंग्रजीतल्या कर्मणीच्या प्रेमात आहेत. ‘द सिव्ह मस्ट बी थरोली क्लीन्ड’ हे वाक्य कुठे काय बसतं ते शिकायला उत्तम आहे पण मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाला ‘क्लीन द सिव्ह’ एवढं पुरतं, आणि कुणी करायचं हे पॅसिव्हमध्ये गायब होतं हा तर आमच्या धंद्यातला जुना आजार आहे. काहीतरी राहिलं की सगळे म्हणतात एसओपीत लिहिलंय ना ‘शुड बी क्लीन्ड’, पण कुणी ते कुठे लिहिलंय? मी हे विचारलं तर उत्तर आलं की कर्ता गौण असतो म्हणून तर कर्मणी. व्याकरणात असेल गौण, डेव्हिएशनमध्ये तोच पहिला शोधतात. उलट टोक म्हणजे आमच्या ऑफिसच्या लॅपटॉपवरचं व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर, ते प्रत्येक पॅसिव्हखाली रेघ ओढतं, अख्खं पान रेघांचं. खरं तर कधी पॅसिव्ह हवा आणि कधी नको यावर एक शनिवार हवा होता. तो झाला नाही.

पण सातव्या शनिवारी जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. सरांनी सगळ्यांना आपापल्या कामातली दहा वाक्यं आणायला सांगितली होती. मी माझी वाचली, बहुतेकांत ‘प्रॉपरली’. शुड बी प्रॉपरली क्लीन्ड, मस्ट बी प्रॉपरली सील्ड, शुड बी प्रॉपरली डिस्ट्रॉइड. जागा सगळीकडे बरोबर होती, मी मनात खूश. सर म्हणाले, ताई, हे ‘प्रॉपरली’ काढून टाका आणि परत वाचा. काढलं. काहीच बदललं नाही. म्हणाले, हे तुमचं मराठीतलं ‘नीट’ आहे. आई सांगते नीट बस, नीट जेव, नीट जा, त्यात माया असते, सूचना नसते. मला हसू आलं आणि जरा लागलं पण, कारण ऑडिटर नेमकं हेच विचारतात, ‘प्रॉपरली’ म्हणजे किती? मग आम्ही दोघा फार्मावाल्यांनी बसून ती वाक्यं परत लिहिली. ‘थरोली रिन्स्ड’च्या जागी किती वेळा, कुठल्या पाण्याने, किती लिटर. ‘टाइटली क्लोज्ड’च्या जागी क्लॅम्प लावून आणि सील नंबर लिहून. लिहिता लिहिता जाणवलं की कसं करायचं ते सांगणारे शब्द, ज्यांच्या जागेसाठी मी तीन आठवडे घासले, त्यातले निम्मे आकडा लिहिल्यावर आपोआप गळतात, आणि ऑलवेज, नेव्हर, ओन्ली हे मात्र कशानेच गळत नाहीत. एफडीएच्या साफसफाईच्या नियमातसुद्धा ‘प्रॉपरली’ नाहीये, ‘ॲट अप्रोप्रिएट इंटरव्हल्स’ आहे. आता ‘अप्रोप्रिएट’ म्हणजे तरी काय, असं तुम्ही म्हणाल. पण त्यांना हजारो कारखान्यांसाठी लिहायचं असतं, किती दिवसांनी ते कंपनीने ठरवून स्वतःच्या एसओपीत लिहायचं असतं, आणि आम्ही तिथे परत ‘प्रॉपरली’ लिहून मोकळे.

बाकी सोयींबद्दल पटकन. हॉलमध्ये एसी नाही, दोन पंखे आहेत त्यातला एक आवाज करतो म्हणून बंद. बसायला शाळेची बाकं, माझ्यासारखीला फर्स्ट शिफ्ट करून कंपनीच्या बसने हडपसर आणि तिथून पीएमपीने लटकत आल्यावर त्या बाकावर दोन तास म्हणजे पाठीची परीक्षा. चहा नाही, पण खाली टपरी आहे आणि सर स्वतःच सात वाजता दहा मिनिटं सोडतात. नोट्स झेरॉक्सच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स, त्यातली उदाहरणं अजून ‘अ लेटर वॉज रिटन बाय राम’ छापाची, सर तोंडी जी उदाहरणं देतात ती शंभर पटीने चांगली पण लिहून घेतली नाहीत तर गेली. उत्तरांच्या पानावर निदान तीन उत्तरं चुकीची होती, एका ठिकाणी ‘विल बी प्रॉबॅब्ली कॅन्सल्ड’ हेच बरोबर म्हणून छापलंय, दाखवलं तर सरांनी पेनने खोडलं आणि म्हणाले मुद्रण दोष. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शंका विचारली तर उत्तर दोन दिवसांनी येतं, पण येतं, आणि सर एकेक वाक्य टाइप करून पाठवतात, व्हॉइस नोट नाही. एक शनिवार न कळवता रद्द झाला, मी हडपसरपर्यंत पोचले होते. त्याचा बदली तास मात्र नंतर घेतला, पूर्ण दोन तास.

कुणी जावं? ज्यांना लिहायचं असतं त्यांनी. क्यूए, रेग्युलेटरी, टेंडरवाले, सोसायटीवाले. सेक्रेटरी काकांनी तर क्लास चालू असतानाच लिफ्टची नोटीस बदलली, ‘लिफ्ट शुड नॉट बी अननेसेसरिली यूज्ड बाय चिल्ड्रन’ ऐवजी मराठीत सरळ ‘लहान मुलांनी एकट्याने लिफ्ट वापरू नये’, आणि सरांनी त्याला टाळ्या वाजवल्या. स्पोकन इंग्लिश हवं असेल तर चुकूनही जाऊ नका, आठ शनिवारांत आम्ही इंग्रजीत एक वाक्य बोललो नाही. स्पर्धा परीक्षावाल्यांनी पण विचार करा, जाहिरातीत त्यांचा उल्लेख होता पण ऑब्जेक्टिव्ह प्रश्नांचा सराव जवळजवळ शून्य, त्यातले दोघे चौथ्या शनिवारनंतर आलेच नाहीत.

माझ्याकडून ५ पैकी साडेतीन. शिकवण्याला साडेचार देईन, नोट्सना दीड, बाकाला शून्य.

हां, फीचं राहिलं. त्या गळलेल्या दोघांपैकी एकाने उरलेले पैसे परत मागितले होते. पावतीच्या खाली बारीक अक्षरात ‘फीज वन्स पेड विल नॉट बी रिफंडेड’ छापलेलं आहे, ते सरांनी त्याला दाखवलं. आयटीवाला मुलगा म्हणाला सर यात ‘अंडर एनी सर्कमस्टन्सेस’ नाहीये, तर सरांनी पावती हातात घेतली, चष्मा वर केला, परत वाचली, आणि पैसे मागणाऱ्याला अर्धे देऊन टाकले. नवीन पावत्यांवर आता काय छापलंय ते बघितलेलं नाही.